ईश्वराची साक्ष : मध्ययुगीन युरोपातील दिव्ये आणि न्यायद्वंद्वे

मध्ययुगीन युरोपात न्यायसभेपुढे चोरीचा, खुनाचा किंवा व्यभिचाराचा आरोप आला, की पहिला प्रश्न असे तो शपथेचा. आरोपी पवित्र अवशेषांवर किंवा बायबलवर हात ठेवून आपण निर्दोष असल्याची शपथ घेई. त्याच्या मागोमाग ठरावीक संख्येने त्याचे नातलग आणि शेजारी उभे राहत आणि याची शपथ खरी आहे अशी शपथ घेत. त्यांनी गुन्हा पाहिला होता की नाही, हे कोणी विचारत नसे. त्यांनी माणसाच्या सचोटीची हमी द्यायची असे. एवढे झाले की बहुतेक प्रकरणे तिथेच मिटत.

अडचण येई ती शपथ घ्यायला अपात्र ठरलेल्या माणसांची. पूर्वी खोटी शपथ घेताना सापडलेला, गावात बदनाम असलेला, मागे उभे राहायला कोणी नसलेला परका, धन्याची हमी न मिळालेला गुलाम, अशांच्या शब्दाला वजन नव्हते. काही आरोप असेही असत की त्यांना साक्षीदार मिळणेच अवघड. विषप्रयोग, जादूटोणा, परपुरुषाशी संबंध, मुलाचा खरा बाप कोण, रात्री गोठ्याला आग कोणी लावली, हे सगळे यात मोडे. माणसांकडून सत्य कळण्याची आशा संपली, की मग ईश्वराला साक्षीला बोलावले जाई. आरोपीने दिव्य करायचे, किंवा दोन्ही पक्षांनी शस्त्र घेऊन समोरासमोर उभे राहायचे. दिव्य हे न्यायसभेचे नेहमीचे काम कधीच नव्हते. बाकीचे उपाय थकल्यावर ते काढले जाई, आणि ही गोष्ट ध्यानात घेतली नाही तर सगळी पद्धत निव्वळ वेडाचार वाटते.

रोमन कायद्यात दिव्याला जागा नव्हती. सहाव्या शतकाच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या फ्रँक लोकांच्या सॅलिक कायद्यात उकळत्या पाण्याच्या कढईचा उल्लेख येतो. त्याच सुमारास बर्गंडियनांचा राजा गुंडोबाड याने खोट्या शपथांचा सुळसुळाट झाल्याचे कारण देऊन द्वंद्वाला कायद्यात स्थान दिले. पुढे शार्लमेनने 809 मध्ये दिव्याच्या निकालावर सर्वांनी निःशंकपणे विश्वास ठेवावा, अशी आज्ञा काढली. अशी आज्ञा काढावी लागते याचा अर्थ शंका घेणारे तेव्हाही होते. ख्रिस्ती धर्म उत्तरेकडे आणि पूर्वेकडे पसरला, तशी दिव्येही त्याच्याबरोबर गेली. दहाव्या शतकात पोपो नावाच्या पाद्र्याने तापलेले लोखंड हातात धरून दाखवले आणि त्यामुळे डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ ख्रिस्ती झाला, असे इतिवृत्तकार सांगतात.

दिव्याचे मुख्य प्रकार तीन. उकळत्या पाण्यात हात घालून तळाचा खडा किंवा अंगठी काढायची, तापलेले लोखंड हातात घेऊन चालायचे, किंवा बांधलेल्या स्थितीत थंड पाण्यात उतरायचे. लोखंडाचाच एक प्रकार म्हणजे नांगराच्या तापलेल्या फाळांवरून अनवाणी चालणे. इंग्लंडची राणी एमा विंचेस्टरच्या चर्चमध्ये नऊ फाळांवरून चालून गेली, ही कथा शतकानुशतके सांगितली गेली. ती रचली गेली मात्र बऱ्याच नंतर. पाद्र्यांसाठी इंग्लंडमध्ये सौम्य सोय होती. मंतरलेला भाकरी-चीजचा घास त्यांनी गिळायचा आणि तो घशात अडकला तर ते दोषी. मोठ्या लोकांना आपल्या जागी दुसऱ्याला पाठवण्याची मुभा मिळे. लोरेनचा राजा दुसरा लोथार याने बायको टॉयटबेर्गा हिच्यावर तिच्याच भावाशी संबंध असल्याचा आरोप केला, तेव्हा 858 मध्ये तिच्या वतीने एका माणसाने उकळत्या पाण्यात हात घातला. हात सहीसलामत निघाला आणि राजाला तिला परत नांदवावे लागले. तरीही त्याने घटस्फोटाचा हट्ट सोडला नाही. रॅन्सचा आर्चबिशप हिंकमार याने या प्रकरणावर मोठा ग्रंथ लिहिला आणि दिव्याची बाजू उचलून धरली. त्याच शतकात लियॉनचा आर्चबिशप अगोबार्ड याने दिव्य आणि द्वंद्व या दोन्हींवर टीका केली होती. चर्च या बाबतीत कधीच एकमताचे नव्हते.

लोखंडाच्या दिव्याचा विधी अँग्लो-सॅक्सन कायद्यांत आणि चर्चच्या विधिग्रंथांत बारकाईने दिला आहे. आरोपी तीन दिवस पाद्र्याच्या ताब्यात असे. त्या काळात भाकरी, पाणी, मीठ आणि पालेभाजी एवढाच आहार आणि रोज मिस्सा. दिव्याच्या दिवशी त्याने प्रभुभोजन घ्यायचे. त्याआधी पाद्री त्याला बजावून सांगे, की दोषी असशील तर या वेदीजवळ येऊ नकोस, आत्ताच कबूल हो. हा क्षण फार महत्त्वाचा होता. मनात खोट असलेल्या भाविक माणसाचा धीर तिथेच सुटे. विधी चर्चच्या आतच होई. विस्तव पेटला की पाद्री आणि आरोपी यांच्याखेरीज कोणी आत थांबायचे नाही. मग दोन्ही पक्षांची सारखीच माणसे आत येत आणि दोन रांगांत समोरासमोर उभी राहत. तीही उपाशी असत आणि रात्री बायकोपासून दूर राहिलेली असत. साध्या आरोपाला एक पौंड वजनाचे लोखंड आणि गंभीर आरोपाला तीन पौंडांचे. आरोपीच्या स्वतःच्या पावलाने नऊ पावले अंतर मोजून घेतले जाई. तेवढे चालून त्याने लोखंड टाकायचे आणि वेदीकडे धाव घ्यायची. हात बांधून त्यावर मोहोर केली जाई आणि तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली जाई. हात भाजला की नाही, हे पाहिले जात नसे, कारण तो भाजणारच. जखम स्वच्छ असेल तर निर्दोष, पू झाला असेल तर दोषी.

मराठी वाचकाला यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. मराठी मुलखातल्या वतनाच्या तंट्यांत रवादिव्य होई. त्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढावा लागे आणि मग हाताला पिशवी बांधून मोहोर केली जाई. दोन्हीकडे पट्टी, मोहोर आणि काही दिवसांची वाट पाहणे आहे, पण यातून उसनवारी सिद्ध होत नाही. न्यायालयांच्या अडचणी सारख्या होत्या, एवढेच फार तर म्हणता येते.

थंड पाण्याच्या दिव्याचे तर्कशास्त्र उलटे होते. पाणी पवित्र केलेले असल्याने ते पाप्याला आत घेणार नाही, म्हणून तरंगला तो दोषी आणि बुडाला तो निर्दोष. निर्दोष माणूस बुडून मरे, हा समज चुकीचा आहे. कमरेला दोर बांधलेला असे, त्यावर ठरावीक अंतरावर खूण असे आणि तेवढा खाली गेला की त्याला ओढून काढत. शार्लमेनचा मुलगा लुई याने 829 मध्ये या दिव्यावर बंदी घातली होती, पण ती टिकली नाही. बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हेच दिव्य सर्वांत जास्त चाले. स्वतंत्र माणसाला लोखंड आणि भूदासाला पाणी, असा तिथला नियम. स्त्रियांना बहुधा लोखंडच दिले जाई.

लोक या दिव्यांतून सुटत तरी किती, याचे उत्तर हंगेरीतल्या एका नोंदवहीत मिळते. वाराद, म्हणजे आजच्या रोमानियातले ओराडिया. तिथल्या कॅथीड्रलमध्ये संत लॅडिस्लॉसच्या समाधीपाशी लोखंडाचे दिव्य होई. 1208 ते 1235 या काळातल्या तिथल्या 389 प्रकरणांच्या नोंदी 1550 मध्ये छापल्या गेल्या, म्हणूनच त्या उरल्या. मूळ हस्तलिखित नाहीसे झाले. त्यांपैकी तीनशेहून अधिक प्रकरणांत लोखंडाचा हुकूम झालेला दिसतो. बऱ्याच ठिकाणी पक्षकारांनी आयत्या वेळी तडजोड केली किंवा माघार घेतली. ज्यांनी खरोखर लोखंड उचलले, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक निर्दोष ठरले.

हा आकडा विचार करायला लावतो. काही अर्थशास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की ईश्वरावर दृढ श्रद्धा असलेला दोषी माणूस दिव्याला तयारच होत नसे, तो कबूल होई किंवा तडजोड करी. लोखंड उचलायला पुढे येणारा बहुधा निर्दोषच असे. हे पाद्र्याला ठाऊक होते आणि लोखंड किती तापवायचे, प्रार्थना किती लांबवायची, जखमेकडे कोणत्या नजरेने पाहायचे, हे सगळे त्याच्याच हाती होते. हा तर्क फार नीटस आहे, आणि त्यामुळेच थोडा सावधपणे घ्यावा. पण त्यातली एक गोष्ट नाकारता येत नाही. तीन दिवसांची जखम कधीच पुरती स्वच्छ नसते आणि पुरती चिघळलेलीही नसते. ती वाचणारी माणसेच होती. आरोपीला लहानपणापासून ओळखणारे गाव भोवती उभे असताना निकाल ईश्वराच्या नावाने दिला जाई, पण देत माणसेच.

राजांना हे ठाऊक होते आणि खुपतही होते. इंग्लंडचा राजा विल्यम रूफस याच्या काळात राजाची हरणे मारल्याच्या आरोपावरून पन्नास माणसांना लोखंडाचे दिव्य करावे लागले. पट्ट्या सोडल्या तर सगळ्यांचे हात ठीक. राजा इतका भडकला, की यापुढे या बाबतीत ईश्वराचा नव्हे, माझाच निवाडा चालेल असे तो बोलून गेल्याचे भिक्षू ईडमरने नोंदवले आहे. दुसऱ्या हेन्रीने रूफससारखा आरडाओरडा केला नाही, कायदा केला. 1166 च्या क्लॅरेंडनच्या फर्मानानुसार प्रत्येक तालुक्यातल्या बारा प्रतिष्ठित माणसांनी शपथेवर गुन्हेगारांची नावे द्यायची आणि त्यांना पाण्याचे दिव्य करायला लावायचे, असे ठरले. जो तरला तो दोषी आणि त्याचा पाय तोडायचा. दहा वर्षांनी शिक्षेत उजव्या हाताची भर पडली. दिव्यातून सुटलेला माणूस गावात बदनाम असेल, तर त्यानेही देश सोडून जायचे. ईश्वराने सोडलेल्याला राजाने हद्दपार करायचे, असा हा कायदा होता. दिव्यावरचा विश्वास आतून किती पोखरला होता, हे कोणत्याही धर्मशास्त्रीय टीकेपेक्षा या कलमातून जास्त कळते.

धर्मशास्त्रीय टीकाही बाराव्या शतकात धारदार झाली. पॅरिसचा अध्यापक पीटर द चँटर, मृत्यू 1197, हा सर्वांत कठोर टीकाकार. ईश्वराची परीक्षा पाहू नये, अशी बायबलची आज्ञा आहे आणि माणसाने हुकूम सोडला की ईश्वराने चमत्कार करावा हे त्या आज्ञेच्या विरुद्ध आहे, हा त्याचा मूळ मुद्दा. उदाहरणेही त्याने दिली. एकच लोखंड तीन आरोपींनी ओळीने उचलले, तर शेवटच्याच्या हाती ते निवलेलेच येणार, मग हा कसला न्याय? दोन यात्रेकरू जेरुसलेमला गेले, एकटाच परतला. सोबत्याच्या खुनाचा आरोप आला, पाण्याच्या दिव्यात तो हरला आणि फासावर गेला. थोड्याच दिवसांत सोबती दुसऱ्या तीर्थाहून हसतखेळत घरी आला.

पॅरिसच्या याच विद्वानांच्या वर्तुळात शिकलेला तरुण पुढे पोप तिसरा इनोसंट झाला. नोव्हेंबर 1215 मध्ये त्याने रोममध्ये भरवलेल्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने अठराव्या कलमात आज्ञा दिली, की उकळते किंवा थंड पाणी अथवा तापलेले लोखंड यांच्या दिव्याला कोणत्याही पाद्र्याने आशीर्वाद देऊ नये. दिव्यावर बंदी घातली असे कलमात म्हटलेले नाही. चर्चने फक्त आपला माणूस काढून घेतला. पण पाद्र्याशिवाय लोखंड हे नुसते लोखंड आणि पाणी हे नुसते पाणी. लोकांचा विश्वास एकाएकी उडाला म्हणून दिव्ये संपली नाहीत. मंत्र म्हणणारा उरला नाही, म्हणून संपली. सगळीकडे एकाच वेळी नव्हे, कारण वारादला त्यानंतरही वीस वर्षे लोखंड तापत होते. सिसिलीत सम्राट दुसरा फ्रेडरिक याने मात्र 1231 च्या मेल्फीच्या संहितेत दिव्याची थट्टाच केली. तापलेले लोखंड कारणाशिवाय निवते असे मानणाऱ्यांना निसर्ग कळत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

इंग्लंडच्या फिरत्या न्यायाधीशांपुढे पेच उभा राहिला. तुरुंग भरलेले आणि निकाल देण्याचे साधन नाही. जानेवारी 1219 मध्ये राजाच्या मंडळाने त्यांना पत्र पाठवले, पण त्यात पर्यायी पद्धत सांगितलीच नाही. गंभीर गुन्ह्यांच्या संशयितांना कोठडीत ठेवा, मध्यम गुन्ह्यांच्या संशयितांना हद्दपार करा, बाकीच्यांकडून सद्वर्तनाचा जामीन घ्या आणि पुढचे आपल्या बुद्धीने ठरवा, असा तो आदेश होता. न्यायाधीशांनी मग आरोप करणाऱ्या त्याच शेजाऱ्यांना विचारायला सुरुवात केली, की हा दोषी आहे का, सांगा. ज्यूरीचा जन्म या अडलेल्या कामातून झाला. पण आपले मरण-जगणे बारा शेजाऱ्यांच्या हाती द्यायला आरोपीची संमती लागे. ईश्वराचा निवाडा टाळता येत नव्हता, माणसांचा नाकारता येत होता. नाकारणाऱ्याला 1275 च्या कायद्याने कडक कैद आली आणि पुढे तिचे रूप असे झाले, की माणसाला जमिनीवर झोपवून तो ज्यूरीला संमती देईपर्यंत त्याच्या छातीवर वजने ठेवायची. काही जण मुद्दाम याच मरणाला सामोरे जात, कारण दोषी ठरले नाही म्हणजे मुलांची मालमत्ता जप्त होत नसे. अमेरिकेत सेलमच्या चेटूक खटल्यांत 1692 मध्ये जाइल्स कोरी असाच मेला. इंग्लंडने ही प्रथा 1772 मध्ये बंद केली.

युरोप खंडात दुसरी वाट धरली गेली. तिथल्या न्यायशास्त्र्यांनी रोमन कायद्याच्या आधारे नियम केला, की मृत्युदंडासाठी दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवेत किंवा कबुलीजबाब हवा. दोन साक्षीदारांदेखत खून करणारे थोडेच. म्हणून कबुलीजबाब हवा आणि तो मिळत नसेल तर छळ. 1252 मध्ये पोप चौथा इनोसंट याने पाखंड्यांच्या चौकशीत छळाला परवानगी दिली. दिव्य गेल्याने न्याय अधिक बुद्धिनिष्ठ झाला, असे म्हणताना ही किंमत हिशेबात धरायला हवी. वारादच्या लोखंडाने निम्म्याहून अधिक माणसे सोडली. छळाच्या खोलीतून इतकी सुटत नव्हती.

द्वंद्वाची कहाणी वेगळी, कारण द्वंद्वाला पाद्री लागत नव्हता. लॅटरनच्या सभेने त्याविरुद्धच्या जुन्या निषेधांचा पुनरुच्चार केला, पण शूरवीरांनी तिकडे लक्ष दिले नाही. द्वंद्वावरची शंकाही जुनीच होती. लोंबार्ड राजा लिउटप्रांड याने 731 मध्ये लिहून ठेवले, की द्वंद्वात पुष्कळांनी आपली न्याय्य बाजू गमावल्याचे ऐकतो, पण आपल्या लोकांची रूढी मोडता येत नाही. आपल्याच कायद्यावर इतका प्रांजळ अभिप्राय क्वचितच एखाद्या राजाने दिला असेल. द्वंद्वाने माणसेच नव्हे, कायदेही ठरत. 938 मध्ये जर्मन राजा पहिला ओटो याच्या काळात वाद निघाला, की आजोबा जिवंत असताना बाप वारला तर नातवांना काकांच्या बरोबरीने वाटा मिळावा का. दोन्ही बाजूंनी लढवय्ये उभे केले गेले, नातवांचा लढवय्या जिंकला आणि तसा कायदा झाला.

इंग्लंडमध्ये द्वंद्व नॉर्मनांबरोबर आले. जमिनीच्या तंट्यात फिर्यादीच्या वतीने लढवय्या लढे. शिंगाचे टोक बसवलेल्या काठ्या आणि चामड्याच्या ढाली ही त्यांची शस्त्रे. आकाशात चांदण्या दिसेपर्यंत प्रतिवादीचा लढवय्या उभा राहिला, तर तो जिंकला. नियमाने लढवय्या हा जमिनीच्या हक्काचा साक्षीदार असायला हवा, पण भाडोत्रीच पुष्कळ. तेराव्या शतकात हेरफर्डच्या बिशपने असा एक लढवय्या सालीना वेतनावर बांधून ठेवला होता. दुसऱ्या हेन्रीने जमिनीच्या प्रतिवादीला द्वंद्वाऐवजी बारा शूरवीरांचा निवाडा मागण्याची सोय दिली आणि लोकांनी ती आनंदाने उचलली.

फौजदारी द्वंद्वात हरणाऱ्याच्या वाट्याला फास असे. हेन्री ऑफ एसेक्स हा राजाचा ध्वजधारी. 1157 च्या वेल्सच्या मोहिमेत त्याने ध्वज टाकून पळ काढला, असा आरोप 1163 मध्ये रॉबर्ट द माँटफर्टने केला. रेडिंगजवळ थेम्स नदीतल्या बेटावर दोघे लढले. हेन्री पडला. मेला समजून रेडिंगच्या मठातल्या भिक्षूंनी त्याला पुरायला नेले, तर तो जिवंत. जहागीर गेलेलीच होती, त्याने उरलेले आयुष्य त्याच मठात भिक्षू म्हणून काढले. शहरांना मात्र द्वंद्व नको होते. व्यापाऱ्याला तलवारबाजी येत नाही, म्हणून लंडनच्या नागरिकांनी सनद मिळवून त्यातून सुटका करून घेतली. बाराव्या शतकाच्या अखेरीस बरी सेंट एडमंड्सच्या वेशीबाहेर राहणारा केटेल नावाचा माणूस चोरीच्या आरोपात द्वंद्व हरून फासावर गेला. तो वेशीच्या आत राहत असता तर शेजाऱ्यांच्या शपथेवर सुटला असता, असे नगरवासी उघड म्हणू लागले. तिथल्या मठाधिपतीने मग वेशीबाहेरच्यांनाही तीच सवलत दिली.

फ्रान्सचा राजा नववा लुई याने आपल्या मुलखात द्वंद्व बंद केले. त्याचा नातू चौथा फिलिप याने 1306 मध्ये गंभीर आणि साक्षीदार नसलेल्या गुन्ह्यांसाठी ते पुन्हा चालू केले. त्याच नियमाखाली 29 डिसेंबर 1386 रोजी पॅरिसमध्ये जाँ द कारूज आणि जाक ल ग्री हे लढले. कारूजची पत्नी मार्गरीत हिने ल ग्रीने बलात्कार केल्याचा आरोप केला होता. राजा सहावा चार्ल्स आणि प्रचंड गर्दी यांच्यासमोर ती काळ्या वेषात बसली होती. नवरा हरला असता, तर खोटा आरोप केल्याबद्दल तिला जिवंत जाळले जाणार होते. कारूजने ल ग्रीला ठार मारले आणि त्याचे प्रेत मोंफोकोंच्या वधस्तंभावर टांगले गेले. पॅरिसच्या पार्लमेंटने मंजूर केलेले हे शेवटचे द्वंद्व मानले जाते. जर्मन प्रदेशात तर नवरा-बायकोच्या द्वंद्वाचीही तरतूद होती. पुरुष कमरेइतक्या खड्ड्यात उभा, स्त्री मोकळी आणि तिच्या हाती कापडात बांधलेला दगड. हान्स टालहोफर या शस्त्रगुरूच्या पंधराव्या शतकातल्या सचित्र ग्रंथात त्याचे डावपेच दाखवले आहेत.

दिव्य आता कायद्याबाहेर गेले होते, पण समजुतीत राहिले. सतराव्या शतकात चेटकिणी ठरवलेल्या बायकांना बांधून तळ्यात टाकण्याची पद्धत थंड पाण्याच्या दिव्याचीच उतरलेली आवृत्ती होती. 1751 मध्ये ट्रिंग गावाजवळ जमावाने रूथ ऑस्बर्न या वृद्धेला असेच तळ्यात टाकले आणि ती मेली. सरकारने जमावाच्या म्होरक्याला खुनाबद्दल फाशी दिली. द्वंद्व मात्र इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकात तसेच पडून होते. 1571 मध्ये केंटमधल्या जमिनीसाठी वेस्टमिन्स्टरजवळ आखाडा बांधला, न्यायाधीश झगे घालून बसले, पण फिर्यादी आलेच नाहीत.

शेवटचा प्रसंग 1817 चा. बर्मिंगहॅमजवळच्या अर्डिंग्टनची मेरी ॲशफर्ड ही तरुणी पाण्याच्या खड्ड्यात मृत सापडली. तिच्यासोबत रात्री नाचाला असलेला अब्राहम थॉर्नटन ज्यूरीपुढे निर्दोष सुटला. जुन्या कायद्यानुसार मृताच्या वारसाला खुनाची खासगी फिर्याद पुन्हा करता येई, ती मेरीच्या भावाने केली. त्या फिर्यादीला द्वंद्वाने उत्तर देण्याचा हक्कही त्याच कायद्यात होता. थॉर्नटनने लंडनच्या न्यायालयात चामडी हातमोजा जमिनीवर टाकला आणि लढायला तयार असल्याचे सांगितले. न्यायाधीश एलनबरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल 1818 मध्ये निकाल दिला, की हा हक्क कधीही रद्द झालेला नाही. सडपातळ बांध्याच्या भावाने लढायला नकार दिला आणि थॉर्नटन सुटून पुढे अमेरिकेला गेला. 1819 मध्ये पार्लमेंटने खुनाची खासगी फिर्याद आणि जमिनीच्या तंट्यातले द्वंद्व या दोन्ही गोष्टी एकाच कायद्याने रद्द केल्या.